थॉमस एडवर्ड : दिवसा जोडे, रात्री पाखरं

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, डेव्हरॉन नदी समुद्राला मिळते तिथे बॅन्फ नावाचं एक छोटं गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या गावात थॉमस एडवर्ड नावाचा एक कारागीर जोडे शिवून पोट भरायचा. सकाळी सहा ते रात्री नऊ दुकानात, आणि नऊनंतर खांद्याला जुनी बंदूक अडकवून थेट रानात किंवा समुद्रावर. असं त्याने वर्षानुवर्षं केलं. तो कुठल्या कॉलेजात गेला नव्हता; शाळेतसुद्धा धड टिकला नव्हता. तरी त्याच्या हयातीतच त्याचं चरित्र निघालं आणि साऱ्या ब्रिटनला त्याचं नाव माहीत झालं.

‘सेल्फ हेल्प’ लिहिणारे सॅम्युएल स्माइल्स यांनी ते चरित्र १८७६ साली लिहिलं. गरिबीवर मात करणारा चिकाटीचा माणूस म्हणून एडवर्ड लोकांना आवडला. मला मात्र त्याची गोष्ट वाचताना दुसराच प्रश्न पडतो. या माणसाने आयुष्यभर जे जमवलं त्यातलं बरंचसं त्याच्या डोळ्यांदेखत गेलं. मग त्याच्या हाती राहिलं काय? आपल्या साहित्य मंडळाच्या अंकात एका पक्षीवेड्याबद्दल लिहावंसं वाटलं ते याच प्रश्नामुळे.

एडवर्डचा जन्म २५ डिसेंबर १८१४चा, म्हणजे ऐन नाताळातला. वडील हातमागावर कापड विणायचे. तेव्हा ते मिलिशियात शिपाई होते आणि त्यांची पलटण इंग्लंडच्या दक्षिण टोकाला गॉस्पोर्टला होती. पलटण मोडल्यावर कुटुंब स्कॉटलंडला परतलं आणि पुढे अॅबर्डीन शहरात राहायला आलं. पोराला चालता येऊ लागलं तसं घरच्यांना उसंत उरली नाही. बेडूक, उंदीर, किडे, जे सापडेल ते घरी. एकदा तर त्याने अंगातला सदरा काढून त्यात गांधीलमाश्यांचं पोळं गुंडाळलं आणि घरी आणलं! मार खाल्ला, पण सवय गेली नाही.

शाळेत तेच. पहिल्या शाळेत त्याने जॅकडॉ नावाचा कावळ्याच्या जातीतला पक्षी चड्डीत लपवून नेला आणि प्रार्थना चालू असताना पक्ष्याने डोकं बाहेर काढलं. दुसऱ्या शाळेत बाटलीतल्या जळवा निसटून दुसऱ्या मुलाच्या पायावर चढल्या. तिसऱ्या शाळेत बाकावर गोम निघाली. ती त्याने आणलेलीच नव्हती, पण एव्हाना त्याचं नाव इतकं झालं होतं की कुणी विश्वास ठेवला नाही. वयाची सहा वर्षं पुरी व्हायच्या आत तीन शाळांनी त्याला काढलं. मग शिक्षण संपलं आणि काम सुरू झालं. आधी तंबाखूचा कारखाना, मग शहराबाहेरची डॉन नदीकाठची गिरणी. गिरणीला जाता-येता नदीकाठचं रान लागायचं, म्हणून ती नोकरी त्याला आवडे. अकराव्या वर्षी त्याला जोडे शिवणाऱ्या एका उस्तादाकडे ठेवलं. तो दारुडा होता. पोराने जपून आणलेले प्राणी तो मारून टाकी. शेवटी पोरगं तिथून पळालं. पण आरी-रापीचं काम जे हातात आलं ते जन्मभर सुटलं नाही. या धंद्याची त्याला कधी गोडी वाटली नाही, पण दुसरं काही येत नव्हतं.

तरुणपणी तो काही दिवस मिलिशियात होता. कवायत चालू असताना समोरून एक देखणं फुलपाखरू गेलं, आणि हा गडी रांग सोडून त्याच्यामागे पळाला. पकडून आणलं, शिक्षेची वेळ आली. कुणीतरी रदबदली केली म्हणून वाचला.

विसाव्या वर्षी तो बॅन्फला आला, तेविसाव्या वर्षी सोफिया रीड हिच्याशी लग्न केलं आणि इथेच संसार मांडला. आठवड्याची मजुरी दहा शिलिंगसुद्धा भरत नव्हती. पुढे अकरा मुलं झाली. दिवसाचे पंधरा तास दुकानाचे. म्हणून त्याने रात्र आपली मानली. आसपासच्या मुलखाच्या त्याने तीन वाटा ठरवल्या होत्या. दोन समुद्रकाठाने दोन बाजूंना, आणि एक आत, शेतांतून आणि झाडीतून. प्रत्येक वाटेवर तो पुन्हा पुन्हा जायचा, कारण एकदा पाहून काही कळत नाही हे त्याला कुणी न सांगता उमगलं होतं. सोबत ओटच्या पिठाची भाकर. प्यायला वाटेतल्या झऱ्याचं पाणी. उजेड असेपर्यंत बघत राहायचं. जूनमध्ये तिकडे रात्र अशी फारशी होतच नाही. अगदी अंधार झाला की बांधातल्या एखाद्या बिळात पाय आधी घालून शिरायचं, डोकं आणि बंदूक बाहेर ठेवायची, आणि पहाटेचा पहिला पक्षी बोलेपर्यंत डुलकी काढायची. पाऊस आला तर कबरस्तानातल्या आडव्या शिळेखाली. घुबडं, कोल्हे, पाणमांजरं, बॅजर यांची ये-जा तो असा जवळून बघे. एका रात्री पडक्या किल्ल्यात त्याची आणि एका पोलकॅटची (हा मुंगसासारखा लांबट, पण भारी चिवट प्राणी) कितीतरी वेळ झुंज चालली होती. एक गोष्ट मात्र ठरलेली: शनिवारी मध्यरात्रीच्या आत घर गाठायचं. रविवार तो काटेकोर पाळायचा.

हे सगळं रोमांचक वाटतं, पण त्याची किंमत घरानेही मोजली. नवरा रात्रीच्या रात्री बाहेर, घरात लेकरं, आणि कोपऱ्याकोपऱ्यात पेंढा भरलेले पक्षी. सोफियाने त्याला अडवलं नाही. चरित्रात तिच्याबद्दल फार मजकूर नाही, पण मला वाटतं, तिच्याशिवाय ही गोष्ट घडलीच नसती.

आता त्याच्या संग्रहाचं काय झालं ते बघा. त्याने आधी किडे आणि फुलपाखरं जमवली, टाचण्या लावून पेट्यांत मांडली आणि पेट्या माळ्यावर ठेवल्या. काही दिवसांनी उघडून बघतो तर उंदरांनी नऊशेच्या वर नमुने फस्त केलेले. उरले ते कुठे पंख, कुठे डोकी. वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संच मांजरांनी नासवला. तो पुन्हा पहिल्यापासून लागला. १८४५ साली बॅन्फच्या जत्रेत त्याने आपल्या संग्रहाचं प्रदर्शन मांडलं, चार पैसे मिळाले. त्या भरवशावर १८४६मध्ये सगळं सामान घेऊन तो बायकामुलांसह अॅबर्डीनला गेला.

अॅबर्डीनमध्ये त्याला जे ऐकावं लागलं ते आजही आपल्याकडे ऐकू येतं. बघायला आलेल्या शिकल्यासवरल्या लोकांना विश्वासच बसेना. दिवसभर जोडे शिवणारा माणूस, पैसा नाही, पुस्तकं नाहीत, गुरू नाही, मग हे सगळं एकट्याने कसं करेल? काहींना वाटलं, हा थाप मारतो. गर्दी जमली नाही, जागेचं भाडं अंगावर आलं. उधारी फेडायला काही राहिलं नाही तेव्हा तो एका दुपारी समुद्रावर गेला, आणि तिथून परत यायचा त्याचा विचार नव्हता. पण पाण्याच्या कडेला सँडर्लिंग पक्ष्यांचा थवा धावत होता आणि त्यात एक पक्षी वेगळाच, जरा मोठा आणि गडद दिसला. हा कुठला? एडवर्ड त्याच्यामागे निघाला. थवा उडाला की हा पुढे, थवा बसला की हा दबून बसायचा. असा बराच किनारा त्याने पालथा घातला. पक्षी शेवटी दूर निघून गेला, आणि तोवर मनावरचं सावटही गेलं होतं. तो घरी परतला. संग्रह २० पौंड १० शिलिंगला विकला, देणी भागवली आणि बॅन्फला येऊन पुन्हा जोडे शिवायला बसला. विकलेला तो संग्रह पुढे ओलीच्या जागी पडून खराब झाला.

यानंतर त्याने नव्याने संग्रह केला. घरात आजारपण आलं की त्यातलं काही विकावं लागे. गरिबाघरी बायकोच्या अंगावरचे दागिने जसे अडीनडीला मोडतात, तसेच त्याचे पक्षी मोडत होते.

मग त्याला रेव्हरंड जेम्स स्मिथ भेटले. ते जवळच्या माँक्विटर गावच्या चर्चचे धर्मगुरू. निसर्गाचा अभ्यास करणारे धर्मगुरू ही त्या काळातली ओळखीची गोष्ट होती. त्याच सुमारास स्कॉटलंडहून आलेले स्टीफन हिस्लॉप आपल्या नागपुरात मिशनचं काम करता करता खडकांतले जीवाश्म गोळा करत होते. स्मिथ यांनी एडवर्डला पुस्तकं दिली, आणि त्याहून मोठं एक काम केलं. त्यांनी त्याला लिहायला लावलं. शब्द चुकतात, व्याकरण येत नाही, शास्त्रीय नावं ठाऊक नाहीत, अशा त्याच्या सगळ्या सबबी बाजूला सारल्या. जे पाहिलंस ते जसं पाहिलंस तसं लिही, एवढाच त्यांचा आग्रह होता. हळूहळू एडवर्डच्या नोंदी गावच्या ‘बॅन्फशायर जर्नल’मध्ये आणि मग ‘झूलॉजिस्ट’सारख्या अभ्यासकांच्या मासिकात छापून येऊ लागल्या.

त्यातल्या दोन नोंदी मला विसरता येत नाहीत. पहिली टर्नस्टोनची. नावाप्रमाणेच हा पक्षी किनाऱ्यावरचे दगड उलथून खालचे किडे खातो. एडवर्ड वाळूत दबून बघत होता. दोन टर्नस्टोन एका मोठ्या वस्तूशी झटत होते. चोचीने ढकललं, छातीने रेटलं, जमेना. मग दुसऱ्या बाजूला जाऊन त्यांनी खालची वाळू उकरली आणि पुन्हा रेटलं. तिसरा येऊन मिळाला. अर्ध्या तासाच्या खटपटीनंतर ती वस्तू उलटली. तो जाऊन बघतो तर काय, साडेतीन फुटी मेलेला कॉड मासा! पक्ष्यांपेक्षा कितीतरी पट मोठा.

दुसरी नोंद सुरयची, म्हणजे टर्नची. एडवर्डने नमुन्यासाठी एका सुरयवर गोळी झाडली. पंख मोडून तो पाण्यात पडला आणि वाऱ्याने किनाऱ्याकडे येऊ लागला. तेवढ्यात दोन सुरय खाली उतरले, त्यांनी जखमीला दोन्ही पंखांना धरून उचललं आणि समुद्राकडे नेलं. ते दमले तसे दुसरे दोघे आले. असं आळीपाळीने त्यांनी त्याला एका खडकावर नेऊन ठेवलं. एडवर्ड खडकापर्यंत जाऊ लागला तेव्हा त्यांनी त्याला पुन्हा उचललं. मनात आणलं असतं तर त्याला अडवता आलं असतं, पण तो नुसता बघत राहिला आणि त्यांना जाऊ दिलं. तेव्हा नमुना मिळवायचा म्हणजे बंदूक लागायचीच. दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या आपल्याला ते खटकतं, खटकायलाच हवं. त्या दिवशी त्याच्या पिशवीत पक्षी आला असता तर तोही कधीतरी विकला गेला असता. आला नाही, म्हणून ही नोंद झाली.

वय वाढलं, रात्री बाहेर काढणं झेपेना, तेव्हा तो समुद्राकडे वळला. बोट नाही, जाळं नाही. कोळ्यांच्या गळाला लागलेली घाण, माशांच्या पोटातलं काही, फुटक्या भांड्यांत अडकलेलं काही, हे तो तपासायचा; मुली कोळीवाड्यांत जाऊन त्याच्यासाठी गोळा करून आणायच्या. खेकडा-कोळंबीच्या जातीतले, नखाएवढे कवचधारी जीव त्याने शोधले, त्यांतले कितीतरी शास्त्राला नवे होते. स्पेन्स बेट आणि वेस्टवुड या अभ्यासकांनी ब्रिटनमधल्या अशा जीवांवर मोठा ग्रंथ केला, त्यात त्याची मदत झाली. एका जीवाला त्याचं नावही मिळालं. १८६६ साली लंडनच्या लिनियन सोसायटीने त्याला असोसिएट म्हणून घेतलं. दुकानातलं काम तरी सुटलं नव्हतंच.

चरित्र निघाल्यावर चक्रं फिरली. राणी व्हिक्टोरियाने त्याला वर्षाला ५० पौंडांचं पेन्शन दिलं. तेव्हा तो ६२ वर्षांचा होता. ज्या अॅबर्डीनने त्याला खोटा ठरवलं होतं, त्याच शहराने १८७७मध्ये सत्कार करून वर्गणीचे ३३३ पौंड हाती दिले. २७ एप्रिल १८८६ रोजी बॅन्फलाच तो वारला.

उंदरांनी खाल्लेलं, ओलीने कुजलेलं, औषधपाण्यासाठी विकलेलं वजा केलं तर त्याच्या हाती राहिलं ते त्याने लिहिलेलं. तेही त्याला उशिरा सुचलं, कारण आपल्याला लिहिता येत नाही असं तो समजत होता. पहिल्या पंधरा वर्षांतल्या किती रात्री कागदावर आल्याच नाहीत, याची मला हळहळ वाटते.

आपल्या मंडळातही कितीजण असेच गप्प असतात. मराठी शुद्ध नाही, आपल्या गावची बोली वेगळी आहे, घरी दुसरी भाषा आणि बाहेर तिसरी, म्हणून लिहीत नाहीत. पण कॉलेजच्या वडावर कुठले पक्षी कधी येतात, शहरातल्या तळ्यावर थंडीत कोण उतरतं, हे त्यांनी पाहिलेलं असतं. पुढच्या अंकासाठी मंडळाकडे कविता-कथा येतीलच. तारीख, वेळ, जागा आणि जे दिसलं ते, एवढ्या चार ओळींची नोंदसुद्धा पाठवा. शुद्धलेखन आपण मिळून बघू.