सायकलवाले मास्तर : लक्ष्मणराव किर्लोस्कर



किर्लोस्कर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? विहिरीवरचा पंप किंवा डिझेल इंजिन. आमच्या आसेगाव परिसरात शेतकऱ्याच्या पोराला हे नाव वेगळं शिकवावं लागत नाही. पण आज मला पंपाच्या बऱ्याच आधीची गोष्ट सांगायची आहे. या घराण्याचा पहिला धंदा सायकलींचा होता. आणि तो धंदा सुरू झाला तेव्हा लक्ष्मणराव आपल्यासारखेच शाळामास्तर होते, म्हणजे शिकवण्याचा पगार घेणारे.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. (मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्कर वेगळे. गाव मात्र तेच, गुर्लहोसूर!) वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरात पोथ्या-पुराणं, आणि या मुलाचं मन मात्र चित्रांत आणि यंत्रांत. पुस्तकी अभ्यासात लक्ष नाही. असा एखादा विद्यार्थी तुमच्याही वर्गात असेल, शेवटच्या बाकावर बसून पेनाची स्प्रिंग काढून पुन्हा बसवणारा. वडिलांच्या मनाविरुद्ध, पण मोठे भाऊ रामूअण्णा यांच्या पाठिंब्यावर, 1885 मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले.

दोन वर्षांनी कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलासाठी याहून वाईट काय असणार? पण त्यांनी रंग सोडले आणि रेघ धरून ठेवली. यंत्रांची रेखाचित्रं काढायला रंग लागत नाहीत. ते कौशल्य इतकं पक्कं झालं की नुकत्याच सुरू झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते यंत्ररेखाटन शिकवणारे सहायक शिक्षक झाले. मूल एका विषयात अडलं म्हणजे संपलं, असं समजणाऱ्या पालकांना मी हा प्रसंग नेहमी सांगते.

आता सायकलीकडे येऊ. मुंबईत एक दिवस त्यांनी एका माणसाला दोन चाकांवर बसून जाताना पाहिलं. आज यात नवल वाटत नाही, पण तो काळ बघा. आधीच्या सायकलींचं पुढचं चाक जवळजवळ माणसाएवढं उंच असायचं. तिच्यावर चढायचं म्हणजे हातपाय मोडण्याची तयारी ठेवायची. दोन्ही चाकं सारखी आणि मागच्या चाकाला साखळी, अशी सुटसुटीत सायकल इंग्लंडमध्ये स्टार्ली यांनी 1885 मध्ये आणली. हवा भरलेला टायर डनलॉप यांनी 1888 मध्ये केला. म्हणजे लक्ष्मणराव पाहत होते ती वस्तू साऱ्या जगालाच नवी होती.

त्यांनी रामूअण्णांना कळवलं, आणि 1888 मध्ये बेळगावला दोघा भावांचं सायकलींचं छोटं दुकान सुरू झालं. हाच किर्लोस्कर बंधूंचा आरंभ. लक्ष्मणराव नोकरी सांभाळून मुंबईत सायकली खरेदी करत आणि बेळगावला पाठवत. रामूअण्णा त्या विकत, आणि विकत घेणाऱ्याला चालवायलाही शिकवत.

माझ्या मते या गोष्टीतलं खरं मर्म या शिकवण्यात आहे. तेव्हा एका सायकलीला सातशे ते हजार रुपये पडत. शिकवण्याची फी पंधरा रुपये. पंधरा रुपयांत त्या काळी मजुराचं घर महिनाभर चालायचं, मग कुणी ते नुसत्या शिकण्यासाठी का द्यावेत? कारण सायकल ही विचित्र वस्तू आहे. ती स्वतःच्या पायावर उभी राहत नाही. घोडा विकत घेतला तर तो निदान उभा तरी राहतो! चालवता येत नसेल तर हजार रुपयांची सायकल भिंतीला टेकवलेलं लोखंड. म्हणून विकणं, शिकवणं आणि बिघडली तर दुरुस्त करणं, ही तिन्ही कामं दोघा भावांनी एकाच दुकानात ठेवली. यात समाजसेवा होती असं मी म्हणणार नाही. तो सरळ धंदा होता, आणि गिऱ्हाईक पैसेवालंच होतं. गरिबाच्या दारात सायकल यायला पुढे कितीतरी वर्षं लागली. तरी बेळगावसारख्या गावात सायकल रुजली ती या तीन कामांमुळे, हे मला नाकारता येत नाही.

हे आजच का सांगते आहे? आसेगावला आजूबाजूच्या खेड्यांतून मुलं शिकायला येतात. राज्यातल्या मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते, हे तुम्हाला माहीत आहेच. ही फार मोलाची गोष्ट आहे. खालच्या वर्गातली हुशार मुलगी पुढे शिकणार की नाही, हे कधीकधी तीन-चार किलोमीटरच्या रस्त्यावर ठरतं. पण तुम्ही खेड्यातल्या घरी गेलात तर काय दिसतं? काही घरी सायकल रोज धावते. काही घरी ती गोठ्यात उभी असते, वर बारदाना टाकलेला, टायर बसलेले. विचारलं तर कारण अगदी किरकोळ निघतं. बाभळीचा काटा घुसला, पंक्चर झालं, आणि गावात पंक्चर काढणारा नाही. पावसाळ्यात आपली काळी माती चाक आणि मडगार्डच्या मधे अशी भरते की चाक फिरतच नाही, मग ओढताना चेन पडते. चेन बसवता येत नाही म्हणून पोरगी हात काळे करून रडत घरी येते. दुसऱ्या दिवशी बाबा मोटारसायकलवर सोडतात. सोयाबीन काढणीला आलं की बाबांना वेळ नाही, आणि शाळा बुडते.

सायकल दारात आली, पण शिकवणारे आणि दुरुस्त करणारे रामूअण्णा आले नाहीत. आपल्याकडची ही खरी अडचण आहे.

पुढची हकिकत थोडक्यात सांगते, कारण ती पाठ्यपुस्तकांत आणि भाषणांत बऱ्याचदा येते. 1897 च्या सुमारास हक्काची बढती लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. दुकान ज्या रस्त्यावर होतं त्याला आज किर्लोस्कर रोड म्हणतात. सायकलींच्या जोडीने ते कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवू लागले. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली! दोन वर्षं एकही गिऱ्हाईक नाही आणि तरी भट्टी चालू ठेवायची, हे मला तरी जमलं नसतं. सायकलीच्या वेळी शिकायला आलेला माणूस हौसेने आलेला असे. इथे मात्र पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याची भीती घालवायची होती.

त्यातच नवी वसाहत वसवण्यासाठी बेळगावची जागा सोडावी लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर जमीन दिली. जमीन कसली, निवडुंग आणि साप! तिथेच 10 मार्च 1910 रोजी पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन किर्लोस्करवाडी वसली. वाडीची आखणी रामूअण्णांकडे होती. म्हणजे जो माणूस बेळगावात लोकांना तोल सावरायला शिकवत होता, तोच आता रस्ते आणि घरं मांडत होता. लक्ष्मणराव अस्पृश्यता मानत नसत, आणि तुरुंगातून सुटलेल्या माणसांना त्यांनी कारखान्याच्या राखणीचं काम दिलं. 26 सप्टेंबर 1956 रोजी ते गेले. 1969 मध्ये जन्मशताब्दीला त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं. मुलांना हे तिकीट आवर्जून दाखवा.

आता वर्गात काय करता येईल ते सांगते. हा पाठ घेताना मी पंपापासून सुरुवात करत नाही. शनिवारी सायकल असलेल्या मुलांना ती शाळेत आणायला सांगते. एक घमेलं पाणी, हवा भरायचा पंप, सोल्यूशनची ट्यूब, घासायला काचकागद आणि फाटक्या ट्यूबचे तुकडे, एवढंच सामान. ट्यूब पाण्यात बुडवली की छिद्रातून बुडबुडे येतात. हवा जागा व्यापते हा विज्ञानाचा धडा तिथल्या तिथे होतो. मग ट्यूब पुसायची, कोरडी करायची, घासायची, सोल्यूशन लावून ते जरा सुकू द्यायचं, आणि तुकडा दाबून बसवायचा. मुलं घाई करतात आणि ओल्या सोल्यूशनवरच तुकडा चिकटवतात. तो निघतो. निघू द्या, दुसऱ्या वेळी थांबतात. टायर परत चढवण्याआधी आतून हळूच बोट फिरवायला सांगा, नाहीतर काटा तिथेच राहतो आणि सगळी मेहनत वाया जाते. ज्यांना चालवता येत नाही त्यांना सीट खाली करून, पायडल न मारता, दोन्ही पायांनी जमीन ढकलत मैदानात फिरू द्या. तोल आधी येतो, पायडल नंतर.

पालकहो, तुमच्याकडे एक मागणं आहे. गोठ्यातली ती सायकल तेवढी बाहेर काढा आणि शनिवारी मुलीसोबत पाठवा. पंक्चर असली तरी चालेल. खरं तर पंक्चर असलेलीच हवी आहे.