मासिकाने तिच्या स्वेटरची कृती बदलली, तिने अमेरिकेची विणायची पद्धतच बदलली

डिसेंबर लागला की भंडारा-गोंदिया पट्ट्यात थंडी चांगलीच झोंबते. विदर्भातलं सगळ्यात कमी तापमान अनेकदा गोंदियात नोंदलं जातं आणि साकोली तालुक्यातलं सानगडी तिथून काही फार लांब नाही. धानाचं काम उरकलेलं असतं, दुपारी अंगणात ऊन असतं आणि एखादी आजी नातवासाठी लोकर आणि दोन सुया घेऊन बसलेली असते. तिच्याकडे पुस्तक नसतं. ती मागच्या वर्षीचा स्वेटर पोराच्या छातीला लावते, चार बोटं जास्त धरते आणि टाके घालायला लागते.

तिला विचारलं, किती टाके घातले? ती सांगेल, अंदाजाने.

हा अंदाज म्हणजे अडाणीपणा नाही, त्यामागे पक्कं गणित आहे, हे एका बाईने अख्ख्या अमेरिकेला पटवून दिलं. तिचं नाव एलिझाबेथ झिमरमन. विणकाम करणाऱ्यांच्या जगात या नावाला आपल्याकडच्या स्वयंपाकात कमलाबाई ओगल्यांच्या नावाला आहे तसा मान आहे. बाकीच्यांनी बहुतेक ऐकलेलंही नसतं.

एलिझाबेथचा जन्म ९ ऑगस्ट १९१० चा, इंग्लंडमधला. वडील नौदलात अधिकारी. लहानपणी घरातल्या बायकांनी तिला इंग्लिश पद्धतीने विणायला शिकवलं, म्हणजे लोकर उजव्या हातात धरायची आणि प्रत्येक टाक्याला सुईवरून फिरवायची. आपल्याकडेही बऱ्याच घरांत असंच विणतात. पुढे तिला युरोपातली दुसरी पद्धत कळली. त्यात लोकर डाव्या हाताच्या बोटावर असते आणि सुईच्या टोकाने ती फक्त ओढून घ्यायची. हात कमी हलतो, काम पटपट होतं. तिने ही पद्धत धरली ती कायमची.

चित्रकला शिकायला ती आधी स्वित्झर्लंडला आणि मग जर्मनीत म्युनिकला गेली. तिथे तिला अर्नोल्ड झिमरमन भेटला. तो बिअर बनवण्यातला तज्ज्ञ होता. काळ हिटलरचा होता. अर्नोल्ड हिटलरबद्दल नको ते बोलून गेला आणि गेस्टापोची नजर त्याच्यावर पडली. जर्मनी सोडण्याशिवाय इलाज उरला नाही. १९३७ मध्ये दोघं नवरा-बायको म्हणून इंग्लंडहून अमेरिकेला पोहोचले. पुढे विस्कॉन्सिन राज्यात स्थिरावले आणि एका जुन्या शाळेच्या इमारतीत त्यांनी घर केलं. तीन मुलं झाली. म्हणजे स्वेटर विणायला कारण शोधावं लागत नव्हतं.

आता गंमत बघा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डाव्या हातात लोकर धरणं म्हणजे जर्मन पद्धत, असा शिक्का अमेरिकेत बसला होता. ती पद्धत मागे पडली होती. आणि इथे जर्मनीतून पळून आलेल्या नवऱ्याची बायको तीच पद्धत वापरत होती. अमेरिकेत ही पद्धत पुन्हा रुजवण्याचं श्रेय आज तिलाच दिलं जातं.

पण खरी ठिणगी पडली ती एका मासिकामुळे.

तेव्हा स्वेटर विणायची रीत अशी होती: पुढचा भाग वेगळा, मागचा वेगळा, दोन बाह्या वेगळ्या, आणि शेवटी सगळं शिवायचं. एलिझाबेथला हे मान्य नव्हतं. माणसाचं अंग गोल आहे, तर स्वेटरही गोलच विणावा, असं तिचं म्हणणं. गोल सुईवर नळीसारखं विणलं की सगळे टाके सुलट पडतात. उलट टाक्यांची कटकट संपते, शिवणही जवळपास संपते. युरोपातल्या कोळ्यांच्या बायका आधीपासून असंच विणत होत्या. तिने खांद्याभोवती नक्षी असलेल्या अशाच एका गोल स्वेटरची कृती मासिकाला दिली. मासिकाने ती छापली, पण वाचकांना सोपं जावं म्हणून गोल विणकाम काढून टाकलं आणि पुन्हा तेच पुढे-मागे सपाट विणकाम घातलं.

दुसरी कुणी असती तर मानधन घेऊन गप्प बसली असती. हिने १९५८ मध्ये स्वतःचं छोटं पत्रक काढलं आणि स्वेटरची मूळ कृती, जशी होती तशी, त्यात छापली. पाठोपाठ १९५९ मध्ये 'स्कूलहाऊस प्रेस' सुरू झालं. शाळेच्या इमारतीतलं घर, म्हणून हे नाव. तिथून टपालाने चांगली लोकर, गोल सुया आणि पुस्तकं घरोघरी जाऊ लागली. टीव्हीवर शिकवणं झालं. १९७१ मध्ये 'निटिंग विदाउट टिअर्स' हे पुस्तक आलं. रडल्याशिवाय विणकाम, असं त्याचं नाव. त्यात गोल विणलेला स्वेटर बाह्यांच्या जागी कात्रीने सरळ कापायचा, हेही ती शिकवते. आधी मशीनची शिवण मारायची, मग कापायचं. वाचतानाच पोटात गोळा येतो, पण स्वेटर उसवत नाही.

तिचं सगळ्यात उपयोगी देणं म्हणजे टक्केवारीचं गणित. समजा नातवाचा स्वेटर छातीला २२ इंच हवाय. आधी हातभर नमुना विणा आणि एका इंचात किती टाके बसतात ते मोजा. समजा ५. मग २२ गुणिले ५, म्हणजे ११० टाके. हे झाले शंभर टक्के. मनगटाला २० टक्के, म्हणजे २२. बाहीच्या वरच्या भागाला ३३ टक्के, म्हणजे साधारण ३६. काखेत ८ टक्के, म्हणजे ९. गळ्याला ४० टक्के, म्हणजे ४४. लोकर जाड असो की बारीक, पोरगं दोन वर्षांचं असो की बारा, हिशोब तोच. छापील कृतीची गरजच उरत नाही. कृती विकणाऱ्या बाईनेच हे सांगावं, हे मला फार आवडतं.

गोल शालीचं तर शाळेतल्या भूमितीवर चाललं होतं. त्रिज्या दुप्पट झाली की परीघ दुप्पट होतो. म्हणून ९ टाक्यांपासून सुरू करायचं आणि ठरावीक फेऱ्यांनंतर टाके दुप्पट करायचे: १८, ३६, ७२, १४४. मधल्या फेऱ्याही ३, ६, १२, २४ अशा वाढत जातात. या शालीला नावच पाय शाल पडलं, पाय म्हणजे गणितातला ३.१४ वाला.

आणि १९६८ मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, तिने ते प्रसिद्ध बाळाचं जॅकेट काढलं. १६० टाके घालायचे आणि सगळ्या ओळी सुलट विणायच्या. दोन ठरावीक जागी टाके कमी करत जायचं, मग वाढवत जायचं. शेवटी हातात येतो एक विचित्र, वाकडातिकडा तुकडा, ज्याचा कपड्याशी काही संबंध वाटत नाही. कागदाची होडी करतो तशी त्याला घडी घातली की अचानक बाह्यांसकट जॅकेट तयार. शिवण फक्त दोन, खांद्यांवर. बारीक लोकर घेतली तर नुकत्याच जन्मलेल्या बाळाला होतं आणि त्याच १६० टाक्यांवर जाड लोकर घेतली तर मोठ्या मुलाला. म्हणूनच जगभरच्या आज्या हे जॅकेट पहिल्या नातवंडासाठी विणतात, आणि मग दुसऱ्यासाठीही.

हे सगळं मी शोधून काढलं, असं मात्र ती कधी म्हणाली नाही. हजारो वर्षं बायका विणतायत, कुणाला तरी हे आधी सुचलंच असणार, आपण फक्त पुन्हा उकरून काढलं, अशी तिची भूमिका होती. त्यासाठी तिने इंग्रजीत एक नवा शब्दही बनवला होता.

३० नोव्हेंबर १९९९ रोजी, ८९ व्या वर्षी ती गेली. न्यूयॉर्क टाइम्सने तिच्यावर मृत्युलेख छापला. प्रेसचं काम मुलगी मेग स्वॅन्सनने पुढे नेलं, आणि नंतर त्यात नातूही आला.