डॉ. शिरोडकरांचा टाका आणि कॅन्सर झालेली तरुण मुलगी

गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घालून बाळंतपण नीट पार पडलेली एखादी बाई तुमच्या नात्यात किंवा शेजारी असेल. हा टाका शोधला डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी. कॅन्सर झालेल्या काही तरुण मुलींनाही तो आज उपयोगी पडतो.

डॉ. शिरोडकर १८९९ मध्ये गोव्यातल्या शिरोड्याला जन्मले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९२३ मध्ये ते एमबीबीएस झाले, १९३१ मध्ये इंग्लंडहून एफआरसीएस होऊन आले आणि मुंबईत स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून नावारूपाला आले. काही बायकांचा गर्भ दर वेळी चौथ्या-पाचव्या महिन्यात पडायचा. त्यातल्या काहींचं बाळ निरोगी असतं, पिशवीचं तोंडच सैल असतं, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी मांडीतल्या चिवट पडद्याची पट्टी काढून त्या तोंडाभोवती आवळून बांधली. ही पद्धत त्यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केली आणि ती जगभर त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. १९७१ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्याच वर्षी ते वारले.

पुढे फ्रान्समध्ये डॉ. दार्जां यांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी नवी शस्त्रक्रिया सुरू केली. गाठ लहान आणि अगदी सुरुवातीची असेल, तर फक्त पिशवीचं तोंड काढतात आणि वरची पिशवी ठेवतात. उरलेल्या पिशवीला आधार म्हणून खाली कायमचा टाका घालतात. पुढे मूल होऊ शकतं, मात्र सिझेरियन करावं लागतं.

आजार वाढलेला असेल तर रेडिएशन लागतं. तिथे हा टाका कामाचा नाही, कारण किरणांनी पिशवीलाही इजा होते आणि नंतर तिच्यात गर्भ वाढणं बहुधा शक्य नसतं. बीजांडकोश तर फार नाजूक. बाहेरून दिलं जाणारं रेडिएशन साधारण ४५ ते ५० ग्रे असतं, आणि २ ग्रेपेक्षा कमी मात्रेतही निम्मी बीजं नष्ट होऊ शकतात. म्हणून काही जणींचे बीजांडकोश दुर्बिणीतून उचलून किरणांच्या वाटेबाहेर, पोटात वरच्या बाजूला शिवतात. त्यामुळे पाळी लवकर जाणं टळू शकतं, पण खात्री नसते. दुसरा मार्ग बीजं किंवा गर्भ गोठवून ठेवण्याचा. त्याला साधारण दोन आठवडे लागतात. पुढे मूल हवं असेल तर सरोगसीचा विचार २०२१ च्या कायद्याच्या अटींत बसवून करावा लागतो.

बारामती-इंदापूरहून रिपोर्ट घेऊन पुण्या-मुंबईला निघाला असाल, तर पहिल्याच भेटीत विचारा: आमच्या मुलीला पुढे मूल हवं आहे, रेडिएशनआधी काय करता येईल? लग्न झालेलं नसलं तरी विचारा. संकोचाने सासू-सासरे किंवा आईवडील गप्प बसले, तर मुलीने स्वतः विचारावं. रेडिएशन सुरू झाल्यावर यातले बहुतेक मार्ग बंद होतात. मात्र यासाठी उपचार किती दिवस थांबवता येतील हे कॅन्सरतज्ज्ञांनाच ठरवू द्या. आधी जीव वाचायला हवा.