शिक्षकांचे आश्रयदाते संत जॉन बाप्टिस्ट डी ला साल

फ्रान्सातील रँस शहरी १६५१ साली धनिक घराण्यात जन्मलेले हे धर्मगुरू तेथील कॅथीड्रलचे कॅनन होते. गरीब मुलांच्या शाळांसाठी जमविलेल्या शिक्षकांस त्यांनी ईश्वरावर भरवसा ठेवण्याचा उपदेश केला. परंतु ज्यास मिळकत आहे त्यास असा उपदेश करणे सोपे, असे शिक्षकांनी त्यांस सुनावले. ते बोल त्यांच्या जिव्हारी लागले. १६८३ साली त्यांनी ते पद सोडिले आणि दुष्काळात आपली संपत्ति गोरगरिबांस वाटून टाकिली. लॅटिनऐवजी प्रथम फ्रेंच वाचन व साऱ्या वर्गास एकत्र पाठ, ही त्यांची रीत. १७१९ साली ते प्रभूघरी गेले. १९०० साली संतपदास चढले. आमच्या शाळेच्या शिक्षकांकडे पाहताना आम्हांस त्यांचेच स्मरण होते.