क्षेत्ररक्षणाला शिस्त लावणारे कर्नल

भारतीय क्रिकेटमध्ये फलंदाजांचे आणि फिरकी गोलंदाजांचे कौतुक सदैव झाले. क्षेत्ररक्षण मात्र दीर्घकाळ दुय्यम मानले गेले. ही दृष्टी बदलावी म्हणून आधी खेळाडू आणि नंतर प्रशिक्षक या नात्याने ज्यांनी आग्रह धरला, त्यांत लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी यांचे नाव अग्रभागी आहे.

हेमचंद्र रामचंद्र अधिकारी यांचा जन्म ३१ जुलै १९१९ रोजी पुण्यात झाला. उमेदीची वर्षे दुसऱ्या महायुद्धात गेली आणि कसोटी पदार्पणासाठी त्यांना १९४७ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यापर्यंत थांबावे लागले. २१ कसोटींत त्यांनी एका शतकासह ८७२ धावा केल्या. १९५२ मध्ये दिल्लीत पाकिस्तानविरुद्ध गुलाम अहमद यांच्यासमवेत त्यांनी अखेरच्या गड्यासाठी १०९ धावा जोडल्या. हा भारतीय विक्रम २००४ पर्यंत अबाधित होता. कव्हरमधील त्यांची चपळाई नावाजलेली होती. १९५९ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धच्या दिल्ली कसोटीत, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांनी देशाचे नेतृत्व केले. ती त्यांची अखेरची कसोटी ठरली.

त्यांचे खरे कर्तृत्व मात्र निवृत्तीनंतर दिसले. १९७१ मध्ये अजित वाडेकर यांच्या संघाचे व्यवस्थापक म्हणून ते इंग्लंडला गेले. स्वतंत्र प्रशिक्षक नेमण्याची प्रथा तेव्हा नसल्याने सरावाची धुराही व्यवस्थापकावरच असे. लष्करी शिस्तीत वाढलेल्या कर्नलांनी तंदुरुस्ती आणि झेलांचा सराव यांत कोणालाही सवलत दिली नाही. ओव्हल कसोटीत चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले आणि इंग्लंडचा डाव १०१ धावांत आटोपला. त्या डावात एकनाथ सोलकर यांनी झेपावून टिपलेला अॅलन नॉटचा झेल आजही आठवला जातो. भारताने ४ गडी राखून इंग्लंडमधील पहिला कसोटी विजय आणि पाठोपाठ मालिकाही जिंकली.

यशाला दुसरी बाजूही होती. १९७४ च्या दौऱ्यात व्यवस्थापक तेच, कर्णधारही तेच. पण भारत तिन्ही कसोटी हरला आणि लॉर्ड्सवर अवघ्या ४२ धावांत गारद झाला. केवळ शिस्तीच्या बळावर सामने जिंकता येत नाहीत, हा कटू धडा त्या दौऱ्याने दिला. तरीही अधिकारी यांनी मैदानाकडे पाठ फिरवली नाही. राष्ट्रीय प्रशिक्षण शिबिरांत सुनील गावस्कर, सय्यद किरमाणी, कपिल देव, रवी शास्त्री अशा खेळाडूंना त्यांचे मार्गदर्शन लाभले.

२५ ऑक्टोबर २००३ रोजी त्यांचे मुंबईत निधन झाले. जळगाव-धुळ्यासारख्या ठिकाणी महागडी साधने प्रत्येक मुलाच्या आवाक्यात नसतात. एक चेंडू, मोकळे मैदान आणि झेल सुटला तर पुन्हा घ्यायला लावणारा प्रशिक्षक एवढ्यावरही क्षेत्ररक्षक घडू शकतो. अधिकारी यांच्या कारकिर्दीतून खान्देशातील नवोदितांनी घ्यावा, असा हा धडा आहे.