अण्णांची पायपीट

कोकणातील मुरुड गावी वाढलेले धोंडो केशव कर्वे १८९१ साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. १८९३ साली त्यांनी विधवा गोदूबाईंशी विवाह केला, तर १८९६ साली अनाथ बालिकाश्रम स्थापिला. १९०० साली हिंगण्यास आश्रमाची झोपडी उभी राहिली. तेव्हा कॉलेजातील काम आटोपले, की अण्णा शिधासामग्री घेऊन पायीच तेथे जात व विधवा मुलींस शिकवीत. पावसाळ्यात त्या वाटेवर चिखल माजे. पण मुली वाट पाहत असत. इकडे मुलाबाळांचा व प्रपंचाचा सारा भार गोदूबाईंवर, म्हणजे बायांवर, पडे. त्यांचा जीव मेटाकुटीस येई, आणि त्यांची तक्रार रास्तच होती. त्यांनी सुईणपणाचे शिक्षण घेऊन संसारास हातभार लावला. आश्रमासाठी वर्गणी मागावयासही त्या स्वतः हिंडल्या.