ताराबाई मोडक आणि शाळेतील नाटक

शाळकरी मुलांना नाटक शिकवू पाहणाऱ्याने प्रथम काय शिकावे, असे विचारले की ‘अभिनय’ हे उत्तर बहुधा तयार असते. ताराबाई मोडक यांचे चरित्र पाहिले म्हणजे ते अपुरे वाटू लागते. ताराबाई रंगभूमीवरच्या नव्हेत. परंतु मुलांपुढे उभा राहणारा शिक्षक कसा घडवावा, हाच त्यांच्या जवळजवळ पाच दशकांच्या कार्याचा गाभा होता.

१८९२ साली प्रार्थनासमाजी विचारांच्या घरात जन्मलेल्या ताराबाई १९१४ साली पदवीधर झाल्या. अमरावतीच्या मोडक वकिलांशी झालेला विवाह टिकला नाही. लहान मुलीची जबाबदारी त्यांच्यावर आली. राजकोटच्या बार्टन स्त्री-अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्यपदाने त्यांना मान आणि स्थैर्य दोन्ही दिले होते. ते सोडून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात दाखल झाल्या. एकाकी आईने घेतलेला हा निर्णय त्या काळी साहसाचाच होता.

गिजुभाईंनी माँटेसरी पद्धती स्वीकारली, पण ती आंधळेपणाने नव्हे. माँटेसरीबाईंना परीकथा व काल्पनिक खेळ यांविषयी फारशी आस्था नव्हती; गिजुभाईंनी मात्र गोष्ट, गाणे आणि नाट्य यांना शिक्षणात मानाचे स्थान दिले. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील चौथीची मुले ऐकलेल्या गोष्टी स्वतःच्या शब्दांत करून दाखवतात; घोकलेल्या संवादांवाचून त्यांचे काही अडत नाही. बालकाच्या नाट्यखेळाला प्रौढांच्या रंगभूमीहून वेगळे मानणारा पीटर स्लेड यांचा इंग्लंडमधील प्रसिद्ध ग्रंथ १९५४ सालचा. त्याच्या कितीतरी आधी भावनगरात ही दृष्टी रुजली होती.

१९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि ताराबाईंनी ‘शिक्षणपत्रिके’द्वारे हे विचार मराठीत आणले. १९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केला. मुलांबरोबरच शिक्षकही घडले पाहिजेत, हे त्यांनी ओळखले होते. मुलाला दटावू नये, त्याचे निरीक्षण करावे, त्याच्या खेळात आपली घाई शिरू देऊ नये, हे पुस्तकातून सांगणे सोपे असते. अंगवळणी पडावयास बालमंदिरातच दिवस काढावे लागतात.

१९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ यांची साथ तेथेच मिळाली. वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसताच त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने देशभर पोहोचवलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द या प्रयोगाची आठवण देतो. शंख, शिंपले, बिया, खडे हीच तेथील साधने झाली. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम सुरू झाले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात भरू लागली. १९६२ साली पद्मभूषण हा किताब मिळाला, ३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई निवर्तल्या.

या चरित्राचा सोलापूरशी संबंध काय? सोलापूर हे बहुभाषिक गाव. यंत्रमाग आणि विडी यांवर पोसलेल्या पूर्व भागातील असंख्य घरांत तेलुगू बोलली जाते. कन्नड आणि उर्दूही येथे परक्या नाहीत. अशा घरातील मूल शाळेत मराठीतून बोलताना अडखळते आणि स्नेहसंमेलनाच्या नाटकात त्याच्या वाट्याला बिनसंवादाच्या शिपायाची भूमिका येते. नायकाचे काम स्वच्छ उच्चारांच्या मुलाकडे जाते. प्रेक्षक टाळ्या वाजवतात, पण नाटकाची ज्याला सर्वांत अधिक गरज होती, तो मुलगा भाला धरून मुकाच उभा राहतो.

२०१४ च्या नियमावलीनंतर बी.एड.च्या अभ्यासक्रमात नाट्य व कला या विषयाला जागा मिळाली आहे. ती टिपणे आणि गुण यांपुरतीच राहिली, तर भावी शिक्षक संमेलनाचा दिग्दर्शक तेवढा होईल. त्यापेक्षा छात्राध्यापकाने काही आठवडे एखाद्या गल्लीत मुले ‘दुकान-दुकान’, ‘शाळा-शाळा’ कशी खेळतात, हे नुसते पाहावे. मग त्यांच्याच भाषेतील गोष्ट त्यांच्याकडूनच उभी करून घ्यावी आणि त्यातून हळूहळू मराठीकडे यावे. त्याचे मूल्यमापनही पडदा, रंगभूषा व पाठांतर यांवरून न करता वर्गातील किती मुकी मुले बोलती झाली, यावरून करावे. त्यास खर्च फारसा नाही. वेळ मात्र द्यावा लागेल. ताराबाईंनी प्राचार्यपद सोडले ते त्या वेळासाठीच.